मंद घोड्याची चंदी

मराठ्यांच्या घोडदळाविषयीं आजपर्यंत जें लिहिलें गेलें आहे त्यांत लढायांच्या जागा, पथकांची संख्या, शिलेदार व बारगीर यांच्यांतील भेद इत्यादि गोष्टींचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. परंतु ज्या जनावराच्या पाठीवर हा सर्व व्यवहार चालला तें रोज काय खात होतें, याकडे अभ्यासकांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. चंदी, वैरण, रतीब, तोबरा हे शब्द जुन्या कागदांत पदोपदीं भेटतात आणि वाचणारा ते ओलांडून लढाईच्या मजकुराकडे वळतो. वस्तुतः पागेंतील नित्याचा प्रश्न खाण्याचाच असे. अमुक घोडा अंगानें धड आहे, स्वभावानें गरीब आहे, लाथ मारीत नाहीं, चावत नाहीं. परंतु टांच मारल्यावांचून पाऊल उचलीत नाहीं आणि दोन कोस गेला कीं मान खालीं घालतो. त्यास काय घातलें असतां अंगांत तरतरी येईल? घोडा बाळगणाऱ्यास हा प्रश्न आजही पडतो. त्यास आपल्याकडे पूर्वीं कोणतीं उत्तरें दिलीं गेलीं आणि त्यांपैकीं कोणतीं कसोटीस उतरलीं, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

तपशीलवार अशी सर्वांत जुनी नेमणूक कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सांपडते. १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केल्यापासून राज्यनीतीच्या अंगानें त्याचा कीस पुष्कळ काढण्यांत आला; दुसऱ्या अधिकरणांतील अश्वाध्यक्षाचें प्रकरण मात्र उपेक्षित राहिलें. त्यांत उत्तम घोड्यास साळ, व्रीहि, यव किंवा प्रियंगु म्हणजे राळा, यांपैकीं दोन द्रोण धान्य सांगितलें असून तें अर्धवट सुकें किंवा अर्धवट शिजविलेलें असावें असा निर्बंध आहे. धान्याऐवजीं मूग अथवा उडीदही चालतात. त्यावर एक प्रस्थ स्नेह, पांच पलें मीठ, पन्नास पलें मांस, खाणें ओलें करण्यासाठीं एक आढक रस किंवा त्याच्या दुप्पट दहीं, आणि पिण्यास एक प्रस्थ सुरा किंवा दुप्पट दूध. मध्यम व कनिष्ठ प्रतीच्या घोड्यांस हेंच प्रमाण चतुर्थांश चतुर्थांश कमी. लांबच्या मजलेनें किंवा ओझ्यानें थकलेल्या जनावरांसाठीं स्नेहाची वेगळी योजना सांगितली आहे. शिंगराची नेमणूक तर याहूनही बारकाईची आहे: दहा दिवसांचें झाल्यावर त्यास सातू, तूप व दूध मोजून द्यावयाचें, पुढें वयाबरोबर तें वाढवीत न्यावयाचें आणि चार-पांच वर्षांचें झाल्यावर कामास लावावयाचें.

मांस आणि सुरा पाहून आजच्या वाचकास आश्चर्य वाटेल; परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कौटिल्य घोड्यांच्या स्वभावाचे तीक्ष्ण, भद्र व मंद असे तीन प्रकार करतो. आणि या भेदाचा संबंध तो खाण्याशीं न जोडतां कामाशीं जोडतो. स्वभाव पाहून कोणता घोडा युद्धाच्या कामास लावावा व कोणता बसण्याच्या, हें ठरवावें, असें त्याचें सांगणें आहे. चंदी ठरते ती जनावराच्या प्रतीवरून, वयावरून आणि श्रमावरून. मंद घोड्यास अमुक दाणा घालावा म्हणजे तो तीक्ष्ण होईल, असें या प्रकरणांत कोठेंही म्हटलेलें नाहीं. ज्या ग्रंथकारास मिठाचीं पलें मोजण्याचा कंटाळा आला नाहीं त्यास हा उपाय ठाऊक असता तर त्यानें तो गाळला नसता, असें अनुमान केल्यास तें वावगें होणार नाहीं.

पुढील काळांत मात्र खाण्यानें घोड्याचा स्वभाव पालटतो ही समजूत सर्वत्र रूढ झालेली दिसते, आणि तिच्यापायीं घोड्यांच्या पोटांत काय काय गेलें याचे दाखले परदेशी प्रवाशांनीं लिहून ठेविले आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो दक्षिणेंतील माबारांत म्हणजे चोलमंडलाच्या किनाऱ्यावरील प्रदेशांत आला, तेव्हां होर्मुझ, एडन इत्यादि बंदरांतून दरसाल पुष्कळ घोडे तेथें उतरत आणि बहुतेक मरून जात. तेथील लोक घोड्यांस शिजविलेला भात आणि शिजविलेलें मांस घालतात, आणि जनावराची निगा जाणणारा माणूस त्यांच्यापाशीं नाहीं, असें कारण तो देतो. अरबी गवतावर व जवावर वाढलेलें जनावर समुद्र ओलांडून दमट हवेंत आणावयाचें आणि त्यापुढें भाताचें घमेलें ठेवावयाचें, मग तें मरतें याचें नवल कोणीं करावें?

आपल्या अधिक जवळचा साक्षीदार म्हणजे आफनासी निकितीन हा रशियन व्यापारी. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, बहामनी अमदानींत, तो होर्मुझाहून एक घोडा विकण्यासाठीं घेऊन चौल बंदरांत उतरला आणि तेथून घाट चढून जुन्नरास आला. पावसाळा त्यानें जुन्नरांत काढला. तेथल्या सरदारानें त्याचा घोडा हिसकावून घेतला व धर्म सोडलास तर परत देतों असें सांगितलें. पुढें एका खुरासानी गृहस्थाच्या रदबदलीनें तो परत मिळाला. या देशांत घोडे निपजत नाहींत असें तो लिहितो. तें अक्षरशः घेण्याचें कारण नाहीं. दरबारीं ज्यांस किंमत येई ते घोडे समुद्रावरून येत एवढाच त्याचा अर्थ. परंतु त्यानें जुन्नरास पाहिलेली घोड्यांची चंदी ध्यानांत घेण्याजोगी आहे. घोड्यांस कडधान्य घालतात आणि साखर व तूप घालून खिचडी शिजवून चारतात, असें तो नमूद करतो. म्हणजे शिवकालाच्या दोनशें वर्षें आधीं शिवनेरीच्या पायथ्याशीं असलेल्या पागेंत कडधान्य, तूप आणि साखर हें त्रिकूट ठाम बसलेलें होतें.

मोगली तबेल्यांत हेंच त्रिकूट हिशेबानें चाले. अबुल फजलाच्या ऐन-इ-अकबरींत खाशा घोड्याची रोजची नेमणूक पूर्वीं आठ शेर होती आणि शेराचें वजन अठ्ठावीस दामांवरून तीस दाम झाल्यावर ती साडेसात शेर करण्यांत आली, असें लिहिलें आहे. तीस दामांचा शेर आजच्या हिशेबानें सव्वासहाशें ग्रॅमांच्या आसपास येतो; तेव्हां साडेसात शेर म्हणजे सुमारें पावणेपांच किलो झाले. थंडीच्या दिवसांत कडधान्य उकडून द्यावयाचें, उन्हाळ्यांत धान्य. रोजच्या नेमणुकींत दोन शेर पीठ व दीड शेर साखर. थंडींत हिरवें गवत येण्यापूर्वीं अर्धा शेर तूप. साखरेच्या जागीं गूळ दिला कीं तूप बंद. हिरवें गवत निघालें कीं पहिले तीन दिवस दाणा मुळींच द्यावयाचा नाहीं आणि मग सहा शेर दाणा व दोन शेर गूळ. या शेवटच्या कलमांत तबेल्याचा खरा अनुभव बोलतो. खाणें एकाएकीं बदललें कीं घोड्याचें पोट बिघडतें हें ज्यास ठाऊक आहे त्यासच तीन दिवसांची ही सवड सुचते.

येथें घोड्याच्या पोटाविषयीं दोन शब्द सांगणें भाग आहे, कारण त्यावांचून जुन्या नेमणुकांचा गुणदोष कळावयाचा नाहीं. घोडा गाईप्रमाणें रवंथ करणारा नव्हे. त्याचें जठर देहाच्या मानानें फार लहान, आणि गवतकाडी पचते ती शेवटच्या मोठ्या आंतड्यांत, तेथें राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंच्या साहाय्यानें. दाण्यांतील पिष्ट लहान आंतड्यांत पचलें तर त्याची साखर होऊन रक्तांत जाते व जनावरास झटकन जोर येतो. परंतु एका वेळीं दाणा फार झाला तर न पचलेला भाग मोठ्या आंतड्यांत उतरून आंबतो. मग पोटशूळ उठतो, किंवा खुरांच्या आंत दाह होऊन घोडा पाय टेकीनासा होतो. म्हणून चंदी थोडथोडी करून, दिवसांतून दोन-तीन वेळां, पाणी आधीं पाजून मग द्यावी हा जो मोतद्दारांचा परंपरागत नियम, तो शास्त्रास धरून आहे. तेलतुपाची गोष्ट वेगळी. घोड्यास तें चांगलें पचतें, त्याचा जोर सावकाश व पुष्कळ वेळ पुरतो, आणि दाण्यानें कांहीं घोडे जसे बिथरतात, उगाच दचकतात, तसें तेलतुपानें होत नाहीं. थकलेल्या घोड्यास स्नेह द्यावा असें कौटिल्यानें सांगितलें त्यांतील मर्म हेंच असावें. घामावाटें मीठ फार जातें आणि मिठावांचून घोडा गळतो. तेव्हां पांच पलें मिठाचें कलमही निरर्थक नव्हे.

आतां दख्खनकडे वळूं. इंग्लंडांत जें स्थान ओट धान्यास, तें आमच्या देशावर हरभऱ्यास व दक्षिणेस कुळथास, ज्यास देशावर हुलगा म्हणतात. घोड्याचा दाणा म्हटला कीं हरभराच समजावयाचा, इतका हा संबंध घट्ट होता. आणि कुळथास तर इंग्रजांनीं घोड्यावरूनच नांव दिलें. हरभरा भरडून किंवा भिजवून तोबऱ्यांत घालीत. कुळीथ टणक असल्यामुळें शिजवून. मद्रासकडील इंग्रजी घोडदळानेंही हा शिजविलेला कुळीथच पुढें चालविला. दोन्हीं धान्यांत पिष्टाच्या जोडीला मांसवर्धक द्रव्य पुष्कळ, दर शेंकडा वीसच्या आसपास. त्यामुळें श्रमानें झिजलेलें अंग भरून येतें. पोट मात्र भरावयाचें तें गवतानें आणि ज्वारीच्या कडब्यानें. हरळीचें मूळ खुरप्यानें काढून, माती झाडून व धुऊन घातलें तर घोडा आवडीनें खातो. न धुतां घातलें तर माती आंतड्यांत सांचते. भीमा व नीरा यांच्या खोऱ्यांतील भीमथडी तट्टें बहुतांशीं अशा चाऱ्यावरच वाढत. अंगानें लहान, दिसण्यांत सामान्य, पण दिवसचे दिवस मजला मारण्यास चिवट.

याउलट श्रीमंत सरदारांच्या दारचे घोडे. तूप, गूळ, पिठाचे गोळे आणि ओवा, सुंठ, मिरीं, हिंग यांचा मसाला ही त्यांची रतीब. मसाल्यानें अन्न पचतें व भूक लागते हें खरें. परंतु मसाल्यांत बळ असतें हा भ्रम आहे. गुळानें येणारी तरतरी लौकर उतरते. आणि ज्यास काम नाहीं अशा घोड्यास तूप घातलें तर तें त्याच्या मानेवर व पुठ्ठ्यावर चढतें. मिरवणुकीसाठीं अशी गोल पाठ हवीच असे, आणि धन्याच्या वैभवाची ती खूण मानली जाई. पण असा घोडा दोन कोसांत फेंस टाकूं लागला म्हणजे त्यास आळशी म्हणून आणखी गूळ चारीत. आमच्या मतें मंद म्हणून ज्या घोड्यांची गणना होत असे त्यांपैकीं निदान कांहींचें मांद्य असें हातानें भरविलेलें होतें. कांहींचें उपासाचें. दांत झिजल्यामुळें दाणा अर्धवट चावून लिदीवाटें सबंध टाकणारा, किंवा जंतांनीं पोखरलेला घोडाही बाहेरून मंदच दिसतो. या तिघांस एकच चंदी घालून चालत नाहीं, हें सांगावयास नको.

पागेची खरी परीक्षा मात्र एका घोड्यावर होत नसते. शेंकडों घोड्यांस रोज, न चुकतां, मोजून दाणा पोंचविणें ही ती परीक्षा. या दृष्टीनें शिवाजीमहाराजांचें ९ मे १६७४ चें पत्र घोड्याच्या खाण्यावरील मराठी लेखांत अग्रस्थानीं ठेविलें पाहिजे. चिपळूण तालुक्यांत हलवर्ण येथें छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस तें लिहिलेलें असून राजवाड्यांनीं तें प्रसिद्ध केलें. रयतेस काडीचाही त्रास देऊं नये, या आशयाच्या त्यांतील भागाची ख्याति सर्वत्र आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु तो भाग मधला; पत्राचा आरंभ चंदीच्या हिशेबानें होतो. राज्याभिषेकास चार आठवडे उरले होते आणि पावसाळा तोंडावर आला होता. लष्कराच्या मुक्कामामुळें त्या सुभ्यांतील पावसाळ्यासाठीं ठेविलेला दाणा व वैरण खर्च झाली होती. मोठ्या प्रयासानें पुन्हां बेगमी केली आहे. ती आतां हात सैल सोडून उधळाल तर ऐन पावसांत कांहीं मिळावयाचें नाहीं, घोडीं उपासानें मरूं लागतील आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल, अशी ताकीद आहे. मग उपाशीं घोड्यांचे लोक गांवांत शिरतील, कोणी कुणब्याचा दाणा नेईल, कोणी गवत, कोणी लांकूड. रयत परागंदा होईल आणि मोगलांपेक्षां तुम्हीच वाईट ठराल. रोजचा शिधा नेमल्याप्रमाणें घ्यावा व पावसाळाभर पुरवावा. शेवटीं आगीची भीति. कोणी गंजीजवळ चूल पेटवील, कोणी चिलमीसाठीं विस्तव नेईल, कोणी दिवा जळता ठेवील आणि उंदीर पेटती वात ओढीत नेतील. गवत जळालें म्हणजे मग कोणास कितीही शिक्षा केली तरी एक काडी मिळणार नाहीं.

हें पत्र वाचून एक गोष्ट स्पष्ट होते. घोड्याच्या अंगांतील जोर ही पावसाळ्यांतील गंजीची करणी आहे, असें पत्र लिहविणाऱ्याचें मत होतें. राजाराममहाराजांच्या वेळीं जिंजीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरींतही हीच रीत वर्णिली आहे: पावसाळ्यांत लष्करानें स्वदेशीं छावणीस यावें, तेथें घोड्यांसाठीं दाणा, रतीब, औषधें व गवतानें शाकारलेलीं घरें तयार असावीं, आणि दसरा होतांच मुलुखगिरीस निघावें. पंचवीस बारगिरांमागें एक पखालजी व एक नालबंद अशीही तरतूद तींत आहे. चार महिने घोड्यास बांधून चारणें आणि आठ महिने धांवविणें, या पद्धतींत एक धोका होता. बांधून ठेवलेल्या घोड्यास स्वारीच्या वेळची पूर्ण चंदी घातली तर तो माजतो किंवा मोडतो, आणि अर्धपोटीं ठेवला तर दसऱ्यास तो खरोखरीच मंद होऊन बाहेर पडतो. नेमणुकीप्रमाणें मोजून द्यावें या आज्ञेचा हेतु मुख्यतः बचतीचा असला, तरी घोड्याच्या पोटासही तीच आज्ञा हितकर होती.

ही व्यवस्था तुटली म्हणजे काय होतें तें पानिपतावर दिसलें. १७६० च्या नोव्हेंबराच्या आरंभापासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत भाऊसाहेबांचें लष्कर तेथें अडकून पडलें. अंतर्वेदींतून रसद पोंचविण्याचें काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होतें. ते डिसेंबरांत मारले गेले आणि तो मार्ग बंद झाला. वैरणीस बाहेर पडणारे लोक कापले जाऊं लागले. उत्तरेकडील कडाक्याच्या थंडींत जनावराला अंगाची ऊब राखण्यासाठींच एरव्हींपेक्षां अधिक वैरण लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत ती सरली. शेवटीं सरदारांनीं भाऊसाहेबांस, दोन दिवस कोणाच्या पोटांत अन्न नाहीं, असें सांगितल्याचें काशीराजानें लिहिलें आहे. माणसांची ही गत, तेथें घोड्यांची काय असेल! त्या दिवशीं दुपारनंतर मराठ्यांचे घोडे थकले याचीं कारणें शोधतांना इतिहासकार तोफा, ऊन व रणांगणाची रचना यांकडे पाहतात. दोन महिन्यांच्या रित्या तोबऱ्याचा हिशेब त्यांत धरलाच पाहिजे. आणि असें खंगलेलें जनावर एकाएकीं पोटभर दाण्यानें सांवरतही नाहीं. उलट त्यानेंच तें दगावण्याचा संभव अधिक. सकाळीं कोठून हरभरा आला असता तरी उपयोग नव्हता.

दुसऱ्या टोकास पेंढारी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रज अंमलदारांनीं त्यांचें जें वर्णन केलें त्यांत प्रत्येक स्वार स्वतःसाठीं चार भाकरी व घोड्यासाठीं थोडी चंदी घेऊन निघे आणि दिवसास चाळीस-पन्नास मैल मजल मारी, बाकीचें वाटेंत लुटून, असें आढळतें. त्यांच्या घोड्यांची तेजी हा दंतकथेचा विषय झाला. तिचें गुपित कोणत्या मसाल्यांत असेल तें असो. ती चंदी दुसऱ्याच्या कणगींतून येई हें मात्र निर्विवाद आहे. ज्या अवस्थेचें भय १६७४ च्या पत्रांत घातलें आहे तीच येथें रीत होऊन बसली.

या रीतीस मराठी राज्यांत एक सौम्य आणि कायदेशीर रूपही होतें. चौथाई-सरदेशमुखीहून निराळा घांसदाणा नांवाचा हक्क गायकवाडांनीं काठेवाडाकडे व नागपूरकर भोसल्यांनीं निजामाच्या मुलखांतून वसूल केला. स्वारीच्या घोड्यांचें गवत व दाणा त्या त्या प्रांतानें पुरवावा हा त्याचा मूळ अर्थ. पुढें घोडे आले न आले तरी रोकड ठरलेली. भोसल्यांच्या हक्काचा शेवट मात्र तारखेनिशीं सांगतां येतो. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगांवच्या तहानें त्यांनीं वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडाबरोबर निजामावरील आपले सर्व दावे सोडून दिले, आणि त्यांतच घांसदाणाही गेला.